गवळ्यांचे गोटे आणि राणीची रास: दंतकथा पुरावा म्हणून कशी वाचायची?

मुळशी तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला, एका डोंगराच्या सोंडेवर दगडांचा एक ढीग आहे. कंबरेइतका उंच, साधारण गोल. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. का ते शेवटी कळेल. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा माझ्याकडे टेप होती, वही होती आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाचा उत्साह होता. खालच्या धनगरवाड्यातले एक बाबा सोबत आले होते. त्यांना विचारलं, "बाबा, हे कशाचं?" ते म्हणाले, "गवळ्यांचं हाय ते. आमच्या बी आधीचं."

मी वहीत लिहिलं: "गवळी – दफन??" बाबांच्या तोंडी 'दफन' हा शब्दच नव्हता. तो माझा होता. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून झालं होतं.

संशोधनाच्या तयारीत असाल तर आज ना उद्या असं एखादं वाक्य तुमच्याही वहीत येणार. विषय पुरातत्त्वाचाच असायला हवा असं नाही. लोकसाहित्य, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल, कुठेही गावातला माणूस तुम्हाला जागेची गोष्ट सांगतोच. त्या गोष्टीचं करायचं काय? बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक करतात. एक तर 'अशी लोकसमजूत आहे' म्हणून ती प्रस्तावनेच्या एका ओळीत टाकतात आणि विसरतात. नाहीतर तीच पुरावा म्हणून उचलतात आणि 'लोकस्मृतीने हजारो वर्षांचा इतिहास जपला आहे' असं लिहून मोकळे होतात. पहिल्यात माहिती वाया जाते, दुसऱ्यात थिसिस वाया जाऊ शकतो.

मधला रस्ता आहे. तो समजून घ्यायला आधी जरा लांब, आयर्लंडला जाऊ. कारण तिथे दगडांच्या राशींच्या कथा शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या गेल्या आहेत आणि राशींचं वयही बऱ्यापैकी माहीत आहे. दोन्ही बाजू हातात असल्या की हिशेब मांडता येतो.

राणी मेव्हची रास

आयर्लंडच्या पश्चिमेला स्लायगो परगण्यात नॉकनारे नावाचा ३२७ मीटर उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर दगडांची एक प्रचंड रास आहे, सुमारे १० मीटर उंच आणि तळाशी ५५ मीटरच्या आसपास रुंद. लोक सांगतात, ही राणी मेव्हची कबर. मेव्ह ही कॉनॅख्ट प्रांताची कथांमधली लढवय्यी राणी. तिला उभीच पुरली आहे, हातात भाला आहे आणि तोंड उत्तरेला, शत्रूच्या म्हणजे अल्स्टरच्या दिशेला आहे, अशी कथा. वर जाताना पायथ्यापासून एक दगड न्यायचा आणि राशीवर ठेवायचा, अशीही रीत आहे. राशीतला दगड घरी नेणं मात्र अशुभ.

आता हिशेब करा. मेव्हच्या कथा ज्या हस्तलिखितांत सापडतात, त्यांतली सर्वांत जुनी बाराव्या शतकाच्या सुमाराची आहेत. त्या कथा घडल्याचा काळ परंपरेने इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासचा धरला जातो. आणि रास? तिचं शास्त्रीय उत्खनन आजवर झालेलं नाही, पण बांधणीवरून आणि आजूबाजूच्या स्मारकांवरून ती इ.स.पू. ३००० च्या आसपासची, नवाश्मयुगातली मानली जाते. म्हणजे मेव्ह खरोखर होऊन गेली असं धरलं, तरी ती येण्याआधी तीन हजार वर्षं ही रास तिथे होती.

मग कथा खोटी? घाई करू नका. 'आत कोण पुरलंय' या प्रश्नाला कथा चुकीचं उत्तर देते, हे खरं. पण दुसरे प्रश्न विचारून बघा. मध्ययुगातल्या लोकांना हा डोंगर महत्त्वाचा वाटत होता का? हो. प्रांताच्या सीमेवरचं वैर त्यांच्या मनात किती खोल होतं? इतकं, की मेलेल्या राणीलाही त्यांनी पहाऱ्याला उभं केलं. राशीतले दगड बांधकामासाठी का उचलले गेले नाहीत? त्यात 'दगड नेणं अशुभ' या समजुतीचा हात असणार. कथा बांधणाऱ्यांबद्दल काही सांगत नाही. सांगणाऱ्यांबद्दल भरपूर सांगते. पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवायची.

कथा खरी निघते तेव्हा

पण कधी कधी कथा खरी निघते, आणि खरा धोका तिथेच असतो.

आयर्लंडच्याच पूर्वेला बॉयन नदीच्या काठी न्यूग्रेंज हे साधारण इ.स.पू. ३२०० चं थडगं आहे. दगड-मातीचा मोठा ढिगारा, आत जाणारा अरुंद दगडी बोळ आणि शेवटी एक दालन. मायकेल ओ'केली यांनी १९६२ पासून तिथे उत्खनन केलं. वर्षाच्या एका ठराविक दिवशी सूर्य आतल्या कोरीव नक्षीपर्यंत पोचतो, असं तिथे येणारे लोक त्यांना सांगत. ओ'केलींना वाटलं, हे लोक इंग्लंडच्या स्टोनहेंजच्या गोष्टीशी गल्लत करताहेत, कारण प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकही भेटेना. पण दाराच्या वर एक खिडकीसारखी फट होती आणि तिचं काम काय ते कळत नव्हतं. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते आत जाऊन थांबले. सूर्य उगवला आणि त्या फटीतून आलेला किरण बोळभर पसरत थेट मागच्या दालनापर्यंत गेला. सुमारे सतरा मिनिटं दालन उजळलं होतं.

अंगावर काटा येतो की नाही? मलाही आला होता. आता डोकं थंड ठेवून दोन विधानं वेगळी करू.

पहिलं: कथेत सांगितलेली गोष्ट खरी आहे. हे सिद्ध झालं.

दुसरं: कथेने पाच हजार वर्षांपूर्वीची आठवण जपली. हे सिद्ध झालेलं नाही.

दुसऱ्या विधानासाठी साखळी दाखवावी लागते. कुणी कुणाला सांगितलं, मध्ये लोक, भाषा, धर्म बदलले तरी गोष्ट कशी टिकली, हे सगळं. न्यूग्रेंजचा बोळ शेकडो वर्षं बुजलेला होता. १६९९ मध्ये दगड काढताना तो पुन्हा सापडला. त्यानंतर कुणी हिवाळ्यात आत उजेड येताना पाहिला असेल, किंवा बोळाचं तोंड दक्षिण-पूर्वेला आहे हे पाहून कुणी अंदाज बांधला असेल, किंवा ओ'केलींना वाटलं तसं स्टोनहेंजवरून उचललं असेल. या शक्यता बाद केल्याशिवाय 'लोकस्मृती' हा शब्द वापरता येत नाही.

२०२० मध्ये हाच पेच पुन्हा आला. लारा कॅसिडी, डॅनियल ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूग्रेंजच्या दालनात पुरलेल्या एका पुरुषाचे आईवडील सख्खे भाऊ-बहीण किंवा मायलेक अथवा बापलेक असावेत, असं त्यात निघालं. शेजारीच डाउथ नावाचं तसंच थडगं आहे आणि त्याची मध्ययुगीन कथा अशी: राजा तिथे एका दिवसात बुरूज बांधायला निघाला, त्याच्या बहिणीने मंत्राने सूर्य थांबवला, पण दोघांचा संबंध आला आणि मंत्र तुटून अंधार पडला. संशोधकांनी या साम्याकडे लक्ष वेधलं आणि जगभरच्या बातम्यांत ते झळकलं.

साम्य विलक्षण आहेच. पण तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. तुम्ही काय विचाराल? सांगाडा एकाच माणसाचा. तो न्यूग्रेंजमधला, कथा डाउथची. शिवाय डाउथच्या जुन्या नावाचा 'अंधार' या अर्थाच्या शब्दाशी संबंध आहे, म्हणजे नावाचा खुलासा करायला कथा रचली गेली ही शक्यता उरतेच. 'सूचक आहे' इथपर्यंत जाता येतं. 'सिद्ध आहे' इथपर्यंत नाही.

आपल्या राशी: नागपूरची शिळावर्तुळं

आता घरी येऊ. महाराष्ट्रात अशा दगडी थडग्यांचा सर्वांत मोठा पुंजका विदर्भात आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. शिवाय माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, रायपूर-हिंगणा. मोठमोठे गोटे गोलात मांडलेले, आत माती आणि लहान दगडांचा भराव आणि भरावाखाली दफन. हीच आपली मेगॅलिथ म्हणजे महापाषाणीय संस्कृती.

या वर्तुळांच्या अभ्यासाची सुरुवात एका दुःखद प्रसंगाने झाली आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. गोंडांच्या लिंगोची कथा त्यातच आहे. म्हणजे दगड पाहणारा आणि कथा लिहून घेणारा माणूस इथे एकच होता. 'फील्डवर्क' हा शब्द रुळण्याआधीचं हे फील्डवर्क.

पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीला खोदकाम केलं आणि १८७९ मध्ये निबंध लिहिला. स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. मग शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाची टाकळघाट-खापा आणि माहुरझरीची उत्खननं, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी देव आणि अ. प्र. जामखेडकर यांचं नायकुंडचं काम झालं. वर्तुळांत माणसांची हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याच्या वस्तू, मणी, घोड्यांचे अवशेष आणि घोड्यांचा साज मिळाला. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, वस्त्यांमध्ये धान्याचे जळके दाणे मिळाले. काळ साधारण इ.स.पू. पहिलं सहस्रक, त्यातही सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे पुरावे ठळक.

आणि आसपासचे लोक या वर्तुळांबद्दल काय सांगत? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय: ही गवळ्यांची.

माझ्या मुळशीच्या बाबांचा शब्द आठवला ना? नागपूर कुठे, मुळशी कुठे. उत्तर मात्र एकच.

'गवळी' म्हणजे नक्की कोण?

मोह असा होतो: दोन्हीकडे गवळी म्हणतात, म्हणजे प्राचीन गुराखी समाजाची आठवण महाराष्ट्रभर टिकून आहे! शिवाय महापाषाणीय लोक गुरं पाळत होते, घोडे बाळगत होते, असा विचार अभ्यासकांनीही मांडलाय. जुळलं की!

थांबा. 'गवळी' हा शब्द आणखी कुठे कुठे येतो ते बघू. मेळघाटातल्या गाविलगड किल्ल्याचं नाव गवळ्यांवरून सांगतात. अशीरगडाची कथा आसा अहिराची. देवगडच्या गोंड राज्याची कथा अशी, की आधी तिथे गवळी राजे होते आणि जाटबा या गोंड वीराने त्यांच्याकडून राज्य घेतलं. खानदेश-वऱ्हाडात जुनी दगडी देवळं आणि तळी गवळी राजाची सांगतात. सह्याद्रीत माथ्यावर कुठेही जुना चौथरा दिसला की तो गवळ्यांचा वाडा. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची थडगी, यादवकाळातली देवळं, मध्ययुगीन किल्ले आणि शंभर-दोनशे वर्षांपूर्वी मोडलेली घरं, सगळ्यांचा मालक एकच.

जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते, ती कुठलंच एक कुलूप ओळखायला उपयोगी नसते. 'गवळी' इथे एका समाजाचं नाव राहिलेलं नाही, ते काळाचं नाव झालंय. देवगडच्या कथेत तर ते अगदी स्पष्ट दिसतं: गोंडांच्या आधीचे ते गवळी. बाबांनीही तेच सांगितलं होतं, "आमच्या बी आधीचं." मी पहिला अर्धा भाग लिहिला आणि दुसरा, जास्त मोलाचा अर्धा भाग वहीत लिहिलाच नाही.

'पांडव' हे असंच दुसरं नाव. नाशिकच्या पांडवलेण्यांत शिलालेख कोरलेले आहेत. ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी होती, सातवाहन आणि क्षत्रप घराण्यांनी दानं दिली, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, बलश्रीचा लेखही तिथे आहे. बांधणाऱ्यांनी स्वतःची ओळख दगडात लिहून ठेवली, तरी लिपी वाचता येईनाशी झाल्यावर लोकांनी लेणी पांडवांना देऊन टाकली. कार्ल्याच्या एकवीरेचं देऊळही पांडवांनी एका रात्रीत बांधल्याचं सांगतात. केरळात महापाषाणीय थडग्यांना 'पांडुकुळी' म्हणतात. कर्नाटकात हिरेबेनकलची दगडी घरं 'मोरिया' नावाच्या बुटक्या लोकांची समजली जातात. प्रत्येक प्रदेशाचे आपापले 'आधीचे लोक' ठरलेले असतात.

साहेबांचीही दंतकथा होती

हे वाचून 'गावकरी भाबडे' असं वाटलं असेल तर एक उलटं उदाहरण. नागपूरची वर्तुळं पाहून एकोणिसाव्या शतकातले विद्वान काय म्हणाले? सिथियन! मध्य आशियातून निघालेल्या एकाच वंशाच्या लोकांनी इंग्लंड-आयर्लंडपासून नागपूरपर्यंत दगडी वर्तुळं मांडली, ही कल्पना तेव्हा जोरात होती. रिव्हेट-कार्नॅकला जुनापाणीच्या गोट्यांवर वाटीसारखे खोलगे दिसले. तसेच खोलगे ब्रिटनमधल्या दगडांवर आहेत, हे त्याने साम्य म्हणून मांडलं.

आज काळ माहीत आहे. आयर्लंडच्या राशी आणि विदर्भाची वर्तुळं यांच्यात दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. मेलेल्या माणसावर दगड रचणं, गोल रिंगण करणं, दगडावर खळगे पाडणं या गोष्टी माणूस स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा करू शकतो. बाबांनी अनोळखी ढिगाला ओळखीचं नाव दिलं: गवळी. साहेबांनीही तेच केलं: सिथियन. फरक एवढाच, की साहेबांची दंतकथा जर्नलमध्ये छापली गेली. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना जुन्या पेपरांनाही आपण कथेला लावतो तीच फूटपट्टी लावायची.

कथेला विचारायचे पाच प्रश्न

आता मी वहीच्या पहिल्या पानावर हे पाच प्रश्न चिकटवून ठेवलेत. तुम्हीही घ्या.

१. *कथा पहिल्यांदा कधी, कुणी नोंदवली?* कथेचं वय म्हणजे जागेचं वय नव्हे. जुनी गॅझेटियरं, सेटलमेंट रिपोर्ट, प्रवासवर्णनं चाळा. आणि सांगणाऱ्याला हमखास विचारा, "हे तुम्ही कुणाकडून ऐकलंत?" आजीकडून, कीर्तनात, शाळेत, मोबाईलवर आलेल्या मेसेजात की आधी येऊन गेलेल्या संशोधकाकडून? शेवटचं उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा येतं.

२. *नुसतं बघून ही कथा सुचली असती का?* ढीग दिसला की 'कुणीतरी पुरलंय' हे सुचतंच. त्यासाठी स्मृतीची गरज नाही. जे डोळ्यांना दिसत नाही आणि तरी कथेत आहे, तेवढंच वेगळं काढून तपासायचं. न्यूग्रेंजच्या किरणाचं मोल त्यामुळेच जास्त.

३. *हीच कथा आणखी किती ठिकाणी सांगतात?* जितकी जास्त ठिकाणं, तितका त्या एका जागेबद्दलचा पुरावा कमी. गवळी आणि पांडव आपण पाहिलेच.

४. *सांगणाऱ्याचं त्यात काय गुंतलंय?* 'आमच्या आधीचं' आणि 'आमच्या वाडवडलांचं' ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यात जमिनीवरचा हक्क आहे. ज्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी धरणासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला आणि आज डोंगरउतारांचे प्लॉट पडताहेत, तिथे कुठलीही जागेची गोष्ट निव्वळ गोष्ट नसते. म्हणून कथा खोटी ठरत नाही. पण हे लिहिल्याशिवाय ती अर्धीच नोंदवली जाते.

५. *कथेबाहेरचा पुरावा कोणता, आणि काय मिळालं तर मी माझं म्हणणं सोडेन?* हे उत्तर शेतात जाण्याआधी लिहायचं. नंतर लिहिलं तर मिळालेली प्रत्येक गोष्ट आपल्याच बाजूची वाटते.

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कथा 'पुरावा' नसते, ती 'सूचना' असते. सूचना म्हणून तिची किंमत मोठी आहे. दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी फिरले, देवींची ठाणी आणि त्यांच्या कथा नोंदवल्या आणि ही ठाणी जुन्या वाटा एकमेकींना मिळतात तिथे आढळतात, असा विचार त्यांनी मांडला. देवीची कथा अक्षरशः खरी मानायची त्यांना गरज पडली नाही. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाचा शोध घेताना लोककथा वापरल्या, पण त्यांच्या शेजारी शिलालेख, मूर्ती, स्थलपुराणं आणि संतवाणी मांडून. कथा एकटी साक्षीला उभी केली की उलटतपासणीत पडते. चार साक्षीदारांत ती बरीच बोलते.

सराव करायचा असेल तर वीरगळापासून सुरुवात करा. पुणे जिल्ह्यात अनेक गावांच्या देवळाबाहेर ते असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई, मग अप्सरा त्याला वर नेताहेत आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. हा दगड स्वतःच बोलतो. गावकरी त्याला काय म्हणतात ते लिहा, चौकटींत काय आहे ते लिहा आणि दोन्हींतलं अंतर बघा. न बोलणाऱ्या ढिगाकडे त्यानंतर वळा. ढिगांच्या बाबतीत एक सावधगिरी: देवाच्या डोंगरावर आपलं घर व्हावं म्हणून दगडांवर दगड रचणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कालचा ढीगही चार पावसाळ्यांनंतर जुनाच दिसतो.

मुळशीचा ढीग, पुन्हा

आता राहिलेली गोष्ट. पहिल्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी मी परत गेले. ढिगाच्या मधोमध खड्डा होता. छातीइतका खोल, दगड चारी बाजूंना फेकलेले.

काय झालं असेल ते कळायला वेळ लागला नाही. पुण्याहून बाई येते, टेपने मोजते, फोटो काढते, वहीत लिहिते. मोजायला तिथे आहे काय? सोनंच असणार. गुप्तधनाच्या गोष्टी प्रत्येक गावात असतात, मी फक्त पत्ता पुरवला.

खड्ड्यात उतरून पाहिलं. तांबडी माती, मुरूम. मडक्याचा तुकडा नाही, हाड नाही. शेजारच्या उतारावर जुन्या वरकस जमिनीच्या खुणा होत्या, नाचणीसाठी कधीकाळी केलेल्या. तो ढीग बहुधा शेतातून वेचून टाकलेल्या दगडांचा असावा. 'बहुधा' म्हणते, कारण दगड कुठल्या क्रमाने रचले होते हे सांगणारा पुरावाच त्या खड्ड्याने संपवला. माझी दोन प्रश्नचिन्हं आता कायमची तशीच राहणार.

इथे बहुधा नुसते वेचलेले दगड गेले. पण हीच चूक मी एखाद्या खऱ्या शिळावर्तुळापाशी केली असती तर? विदर्भात नागपूर पसरतंय, रस्ते, खाणी आणि लेआउट वर्तुळांपर्यंत पोचताहेत. ज्या वर्तुळाची संरक्षित म्हणून नोंद नाही, त्याला 'गवळ्यांचं आहे, हात लावू नका' एवढ्या एका वाक्याचाच आधार असतो. मेव्हच्या राशीचे दगड जसे 'नेणं अशुभ' या वाक्यामुळे जागेवर राहिले, तसंच. आपण जाऊन ते वाक्य 'यात काहीतरी मौल्यवान आहे' असं बदलून येतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून आता माझे काही नियम आहेत. मोजमाप काढण्याआधी सरपंचांना आणि वाडीतल्या जाणत्यांना भेटायचं, काय करणार ते मराठीत, साध्या शब्दांत सांगायचं. वही उघडी ठेवायची, कुणीही वाचावी. 'हे थडगं आहे का?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही, 'याला काय म्हणतात?' एवढंच विचारायचं. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्या बोलीत, जसेच्या तसे लिहायचे, आपला शब्द त्यात घुसवायचा नाही. एकही दगड हलवायचा नाही. आणि असुरक्षित जागेचा नेमका पत्ता ना पेपरमध्ये द्यायचा, ना लेखात.

गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेले तेव्हा गुरं राखणारा एक मुलगा भेटला. मला ओळखलं नाही. मी विचारलं, "याला काय म्हणतात रे?" तो म्हणाला, "गवळ्यांचा ढीग. हितं सोनं व्हतं. पुण्याची एक बाई आली, टेप लावून मोजलं आन् रातच्याला घेऊन गेली."

मी वही काढली. तारीख लिहिली, वय साधारण बारा लिहिलं, त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग विचारलं, "हे तू कुणाकडून ऐकलंस?"

"समद्यांनाच म्हाईत हाय," तो म्हणाला.

तेही लिहिलं.